फुकट पत्ता, नाव कंपनीचं

भोकरला मी नेटकॅफे चालवायचो तेव्हा पोरं येऊन म्हणायची, "सर, एक मेल आयडी काढून द्या." कुठल्या कंपनीचा, हे कुणी सांगायचं नाही. जे पान लवकर उघडेल त्यावर आयडी निघायचा. या कंपन्यांची नावं खेड्यात पोचली ती टीव्हीवरच्या जाहिरातीनं नव्हे, फॉर्मवरच्या 'ई-मेल' या रकान्यानं.

भारतात विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं. तेव्हा मेलचा पत्ता कनेक्शनसोबत मिळायचा. कनेक्शन बंद, तर पत्ताही बंद. ती गाठ सोडवली हॉटमेलनं. बंगळुरूत वाढलेला सबीर भाटिया आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996ला अमेरिकेत ते सुरू केलं. कॉम्प्युटर कुणाचाही असो, आपली पेटी उघडता येऊ लागली. घरी कॉम्प्युटर नसलेल्यालाही पत्ता मिळाला. आमचा धंदा उभा राहिला तो याच सोयीवर.

हॉटमेलची खरी करामत मात्र पत्राच्या तळाशी होती. प्रत्येक मेलखाली एक ओळ आपोआप जायची: तुम्हीही इथं फुकट खातं काढा. किराणा दुकानदार दिवाळीत फुकट कॅलेंडर देतो आणि वर्षभर आपल्या भिंतीवर त्याचं नाव राहतं, तसंच हे. पत्र आपलं, जाहिरात त्यांची. दीड वर्षात, डिसेंबर 1997मध्ये, मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल सुमारे 40 कोटी डॉलरला घेतलं. त्याच वर्षी याहूनं रॉकेटमेलवाली कंपनी विकत घेऊन याहू मेल काढलं.

आपल्याकडचं नाव होतं रेडिफमेल. अजित बाळकृष्णन यांनी 1996मध्ये मुंबईत रेडिफ सुरू केलं. 2000मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात गेली. आमच्या पोरांना रेडिफ आवडायचं, कारण मेल बघायला बसलं की क्रिकेटच्या बातम्याही मिळायच्या. पुढं एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्यातालुक्यात निघाले आणि मेल आयडी काढणं हा शिकण्याचाच भाग झाला.

मग 1 एप्रिल 2004ला जीमेल आलं. हॉटमेल तेव्हा फुकटात 2 एमबी जागा द्यायचं, गूगलनं एकदम 1 जीबी देऊ केली. तारीख बघून पुष्कळांना ती थट्टाच वाटली. शिवाय आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. फुकटच्या वस्तूलाही वशिला लागतो म्हटल्यावर तिचा भाव वाढणारच. 2007मध्ये दार सगळ्यांना उघडलं. पुढं अँड्रॉइड फोन आले आणि अॅप घ्यायचं तर गूगलचं खातं लागू लागलं. आता मोबाइल विकणाराच आयडी काढून देतो.

2013पर्यंत मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल मोडून त्याचं आउटलुक केलं, पण लोकांचे जुने हॉटमेलचे पत्ते चालू ठेवावे लागले. नोकरीच्या अर्जावर, बँकेत, पोराच्या अॅडमिशनला एकदा पत्ता दिला की तो बदलणं जिकिरीचं. फुकटच्या मालाची मेख इथंच आहे: घेताना पैसा लागत नाही, सोडताना सगळीकडं खेटे घालावे लागतात.

तालुक्यात कित्येकांच्या आयडीला आजही दुकानदाराचाच मोबाइल नंबर जोडलेला असतो. पासवर्ड विसरला की ओटीपी भलत्याच्याच फोनवर. आयडी काढायला कुणी आलं तर मी त्याचाच नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्याच हातानं टाइप करून घेतो, आणि तो टाकेपर्यंत तोंड फिरवून बसतो.