आठ मुलींचा पट

शाळेचें मोठेपण पटावरील संख्येनें मोजण्याची रीत सर्वत्र आहे. तथापि कांहीं पट असे असतात, कीं त्यांतील आंकडा लहान, पण त्यामागील धैर्य फार मोठें असतें. पुण्याच्या बुधवार पेठेंतील मुलींच्या शाळेचा पट त्यांपैकींच एक होय.

१८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींसाठीं पहिली शाळा काढली. त्या वेळीं ते अवघे २१ वर्षांचे, तर तेथें शिकविणाऱ्या सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या. शिकलेल्या स्त्रीला अकालीं वैधव्य येतें, अशी समजूत त्या काळीं घरोघर होती. शिवाय आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न झालें, कीं मुलीचें शिक्षण तेथेंच थांबे. वाटेनें जातांना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व खडे पडत. १८४९ सालीं उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें. पहिली शाळाहि फार काळ टिकली नाहीं.

३ जुलै १८५१ रोजीं अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यांत पुन्हां शाळा उघडली. पहिल्या दिवशीं मुली आल्या ८! पुढें थोड्याच काळांत त्यांच्या ४८ झाल्या. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला रास्ता पेठेंत, आणि १५ मार्च १८५२ रोजीं वेताळ पेठेंत आणखी दोन शाळा निघाल्या. १८५३ च्या फेब्रुवारींत परीक्षा झाली, तेव्हां तिन्ही शाळांत मिळून २३७ मुली होत्या.

या पटाचा दुसरा विशेष असा, कीं तेथें जातीची अट नव्हती. वाडे देणारे भिडे व चिपळूणकर ब्राह्मण, तर शाळा चालविणारें दांपत्य माळी समाजांतील. फुल्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजांतील मुलीचा महार-मांगांच्या दुःखासंबंधींचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’ंत छापून आला. जिच्या घरीं पूर्वीं अक्षर पोंचलें नव्हतें, तिनें समाजाला जाब विचारावा, हें त्या शाळांचें खरें फळ होय.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. तिचें बीज या लहानशा वर्गांतच आहे.

भिड्यांचा जीर्ण वाडा २०२३ सालीं स्मारकासाठीं उतरविण्यांत आला. कमी पटाच्या शाळा ठेवाव्यात कीं मिटाव्यात, हा वाद मात्र महाराष्ट्रांत अद्याप चालूच आहे. त्यावर निर्णय देणारांनीं १८५१ सालची ती हजेरी एकवार ध्यानांत घ्यावी. त्या दिवशीं आठच मुली आल्या म्हणून दार लावून घेतलें असतें, तर पुढच्या २३७ जणी कोठें गेल्या असत्या?