मोक्षपट आणि सापशिडी

नातू ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. फासे टाकत गोष्ट रचायची, असा हा १९७४ सालचा अमेरिकन खेळ. २००८ मध्ये प्रकाशकांनी त्यातली स्वर्ग-नरकांची मांडणी बदलली, तर जुने खेळाडू खवळले. २०१४ मध्ये जुनी मांडणी परत आली!

मला आपला मोक्षपट आठवला. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानदेवांना देते. ठोस पुरावा नाही, पण नाव चिकटलं. प्रमाण असा एक पट नाहीच. जैन पटात ८४ घरं, वैष्णव पटात बहुधा ७२. त्यात वैकुंठ ६८ वर. ते ओलांडून पुढे सरकलात, तर ७२ वरचा तमोगुणाचा साप थेट ५१ वर, पृथ्वीवर आणून टाकतो.

हाच खेळ इंग्लंडला जाऊन सापशिडी झाला. हळूहळू पाप-पुण्याची नावं गळाली, आकडे उरले. डोंबिवलीच्या दुकानात मिळते ती हीच. त्यावर मात्र कुणी खवळल्याचं ऐकलं नाही.