स्थापत्याची सनद आणि घराची भिंत

लातूर जिल्ह्याचें नांव महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलें तें दोन कारणांनीं. त्यांतलें एक दुःखाचें आहे व दुसरें अभिमानाचें. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेंत असतांना, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें दगडमातीच्या ढिगाऱ्याखालीं गडप झालीं. हें दुःखाचें कारण. अभिमानाचें कारण म्हणजे परीक्षा. विद्यार्थ्यांची कसून तयारी करून घेण्याची जी रीत लातूरच्या शिक्षणसंस्थांनीं बसविली, तिला पुढें ‘लातूर पॅटर्न’ असें नांवच पडलें. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हें तालुक्याचें गांव आहे. तेथल्या पालकास मुलाला इंजिनियर करावयाचें झालें, म्हणजे त्याची पहिली नजर लातूरकडेच वळते.

वरवर पाहतां या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु घर कोणी बांधलें, बांधणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली आणि ती कशाची घेतली, हे प्रश्न विचारूं लागलें, कीं दोन्ही वाटा एका ठिकाणीं येऊन मिळतात. त्या वाटेचा इतिहास सुमारें पावणेदोनशें वर्षांचा आहे.

इंग्रजी अमलापूर्वीं आपल्याकडे इमारती थोड्या उठल्या नाहींत. किल्ले, घाट, देवळें, वाडे हें सर्व गवंडी, वडार व सुतार यांच्या हातचें काम. त्यांची परीक्षा कागदावर होत नसे. बापाच्या हाताखालीं मुलगा ओळंबा धरावयास शिके, आणि उभें राहिलेलें काम हीच त्याची सनद असे. एकोणिसाव्या शतकांत सडका, पूल, कालवे यांचीं कामें सरकारनें हातीं घेतलीं, तेव्हां मोजणी करणारीं, खर्चाचा अंदाज बांधणारीं आणि साहेबाचा नकाशा वाचणारीं माणसें हवीं झालीं. त्यासाठीं १८५४ सालीं पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. सरकारी बांधकामखात्याला दुय्यम नोकर पुरविणें हा त्याचा उघड हेतु होता. त्याच वर्गाचें पुढें कॉलेज झालें, तें मुंबई विद्यापीठास जोडलें गेलें, आणि ‘लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग’, म्हणजे एल्. सी. ई., ही परीक्षा तेथें सुरू झाली.

या परीक्षेच्या नांवांत ‘लायसेन्स’ हा शब्द होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तथापि तो परवाना लोकांचीं घरें बांधण्याचा नव्हता. त्याची खरी किंमत सरकारी नोकरींत होती. ज्याची ऐपत व बुद्धि मोठी, तो एल्. सी. ई. निवडी, ज्याला लवकर मिळवतें व्हावयाचें असे, तो ओव्हरसियरच्या वर्गास बसे. पुढें सर विश्वेश्वरय्या म्हणून जे जगप्रसिद्ध झाले, ते म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति घेऊन पुण्यास आले आणि १८८३ सालीं एल्. सी. ई. परीक्षेंत पहिले आले. लगेच १८८४ सालीं मुंबई सरकारनें त्यांना असिस्टंट इंजिनियर नेमलें, आणि नाशिक व खानदेश या भागांत त्यांची उमेदवारी झाली. परीक्षा आणि पद यांचें हें नातें इतकें सरळ होतें, कीं पालकांच्या मनांत तें कायमचें ठसलें. इंजिनियर होणें म्हणजे परीक्षेंत वर येणें, आणि वर येणें म्हणजे सरकारांत जाणें, हें समीकरण तेव्हांपासूनचें आहे.

मुंबईसारख्या शहरांत मात्र निराळी गरज भासूं लागली. तेथें चाळी उठत होत्या आणि एका भिंतीच्या आधारें अनेक कुटुंबें राहत होतीं. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें सर्व्हेयर लोकांना परवाना देण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीच्या कमिशनरास मिळाला. घरमालकाच्या वतीनें कागदांवर सही करणारा मनुष्य नोंदलेला असावा, म्हणजे कांहीं बिघडल्यास जाब कोणाला विचारावयाचा हें ठरलेलें राहील, ही कल्पना येथें रुजली.

याच सुमारास पाश्चात्य देशांतही हाच विचार चालू होता. लोखंड व काँक्रीट यांचीं घरें आलीं, तेव्हां नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर भरंवसा ठेवतां येईना. लंडनमध्यें १९०८ सालीं काँक्रीट इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९२२ सालीं तिनें इमारतीच्या सांगाड्याचें शास्त्र जाणणाऱ्या, म्हणजेच ‘स्ट्रक्चरल’ इंजिनियरांची संस्था असें नांव घेतलें. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानानें १९१५ सालीं अशा इंजिनियरांना परवाना देण्याचा स्वतंत्र कायदा केला. परंतु सर्वांत बोलका दाखला कॅलिफोर्नियाचा आहे. १० मार्च १९३३ रोजीं संध्याकाळीं लाँग बीच येथें भूकंप झाला व अनेक शाळा कोसळल्या. मुलें घरीं गेलेलीं होतीं म्हणून मोठा अनर्थ टळला. एका महिन्याच्या आंत तेथील विधिमंडळानें ‘फील्ड कायदा’ संमत केला. सरकारी शाळेचा आराखडा अधिकृत तज्ज्ञानेंच करावा, तो आराखडा सरकारनें तपासावा, आणि काम चालू असतां जागेवर पाहणी व्हावी, असें त्या कायद्यानें ठरविलें. म्हणजे परीक्षा तीन झाल्या: पहिली माणसाची, दुसरी नकाशाची, आणि तिसरी प्रत्यक्ष भिंतीची. यांपैकीं एकही गाळली तर उरलेल्या दोन लंगड्या पडतात, हा त्या कायद्याचा मथितार्थ होय.

आतां मराठवाड्याकडे यावें. १९४८ पर्यंत हा मुलुख हैदराबाद संस्थानांत होता. १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाल्यावर निजाम सरकारनें विश्वेश्वरय्यांनाच पाचारण केलें होतें; पुण्याची विद्या अशी हैदराबादेस पोंचली. उस्मानिया विद्यापीठाचें इंजिनियरिंग कॉलेज १९२९ सालीं निघालें. या विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. मराठी मुलाला घरची भाषा एक, परीक्षेची दुसरी, आणि शास्त्रीय ग्रंथांची तिसरी, असा तिहेरी डोंगर चढावा लागे. ज्यांना कॉलेजचें दार दिसलें नाहीं, त्यांना १९२० सालीं स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स’ या अखिल भारतीय संस्थेच्या परीक्षांनीं वाट दिली. दिवसा नोकरी व रात्रीं अभ्यास करून या संस्थेची परीक्षा देतां येई, आणि पुढें अनेक दशकें सरकारी नोकरींत ती पदवीच्या बरोबरीची धरली जात असे.

मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं औरंगाबादेस सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघालें, आणि १९८१ सालीं नांदेडास श्रीगुरुगोविंदसिंगजींच्या नांवाचें कॉलेज उभें राहिलें. चाकूरच्या मुलाला आतां हैदराबाद वा पुणें गांठण्याची गरज उरली नाहीं. माणसाची परीक्षा अशी दारापर्यंत आली. नकाशाची आणि भिंतीची परीक्षा मात्र शहराची वेस ओलांडून खेड्यांत आली नव्हती.

खेड्यांतलें घर पूर्वींच्याच पद्धतीनें बांधलें जाई. लांकडी खांब व तुळया यांचा खण उभारीत, त्यावर माळवद घालीत. उन्हाळ्याचा ताप व पावसाची गळती चुकावी म्हणून माळवदावर दरसाल मातीचा थर चढे. भोंवतीं दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती असत. बाहेरून पाहणाऱ्यास त्या भिंती किल्ल्यासारख्या वाटत. पण आंत दगडांचे दोन वेगळे पडदे आणि मधल्या पोकळींत चिखल व कपच्या, अशी त्यांची रचना होती. दोन्ही पडद्यांना सांधणारा आरपार दगड बहुधा घातलेला नसे. धरणी हलली तेव्हां दोन पडदे दोन दिशांना फुटले व वरची माती खालीं आली. पुष्कळ ठिकाणीं लांकडी खण उभे राहिले आणि भिंतींनींच माणसें मारलीं. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान जीव गेले.

येथें एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. आरपार दगड घालावा हें ज्ञान नवें नव्हतें. चांगल्या गवंड्यांना तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. परंतु गवंड्याची विद्या क्षीण होत गेली, आणि इंजिनियराची विद्या त्या भिंतीपर्यंत पोंचली नाहीं. भूकंपरोधक बांधणीचें राष्ट्रीय मानक १९६२ सालींच निघालें होतें. त्याच्या नकाशांत किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविला जात असे. रूरकीस १९६० पासून भूकंप-स्थापत्याचें स्वतंत्र अध्ययन चालू होतें. पण सर्वसाधारण पदवीधराला तो विषय न शिकतांही उत्तीर्ण होतां येत असे. जें परीक्षेंत विचारीत नाहींत, तें कोणी वाचीत नाहीं, हा विद्यार्थिधर्म सर्वांच्या परिचयाचा आहे.

दुर्घटनेनंतर जें काम झालें, तें याच तीन परीक्षांच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. जागतिक बँकेच्या साह्यानें सरकारनें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि दीड लाखांहून अधिक जुन्या घरांची दुरुस्ती व बळकटी करविली. भिंतीला जागोजाग भोंकें पाडून त्यांत काँक्रीटचे आरपार बंध भरावयाचे, माळवदावरील मातीचा भार हलका करावयाचा, असे साधे उपाय सांगण्यांत आले. गवंड्यांना प्रशिक्षण दिलें गेलें. नकाशाही बदलला: २००२ च्या सुधारणेंत सर्वांत खालचा पट्टा रद्द झाला व किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या पट्ट्यांत गेला. २००१ मधील कच्छच्या भूकंपानंतर, २००३ सालीं, कॉलेजांतील अध्यापकांनाच हा विषय शिकविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारनें हातीं घेतला.

परवान्याचा प्रश्न मात्र तितक्या वेगानें सुटला नाहीं. वास्तुविशारदांसाठीं १९७२ सालीं देशव्यापी कायदा झाला. इंजिनियरांसाठीं तसा कायदा पुढील पन्नास वर्षांत झाला नाहीं. पदवी व कांहीं वर्षांचा अनुभव पाहून म्युनिसिपालिटीनें नांव नोंदवावें, अशी रीत महाराष्ट्रांत रूढ झाली. त्यामुळें होतकरू इंजिनियरापुढें परीक्षांची रांग उभी असते, पण त्यांचे हेतु निरनिराळे असतात. ‘गेट’ परीक्षा मुख्यतः उच्च शिक्षणाचें दार उघडते. केंद्राच्या व राज्याच्या लोकसेवा आयोगांच्या परीक्षा सरकारी पद देतात. यांपैकीं कोणतीही परीक्षा उत्तीर्ण झाल्यानें घराच्या सांगाड्याखालीं सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाहीं. ज्याला ती सही करावयाची आहे, त्यानें उच्च शिक्षणाची वाट निवडावी, हिशेब शिकावा, आणि नंतर अनुभवी मनुष्याच्या हाताखालीं कामाच्या जागेवर वर्षें काढावीं. ज्याला पद हवें, त्यानें पदाची परीक्षा द्यावी. पण ती सनद भिंतीची आहे अशी समजूत करून घेऊं नये.

लातूरच्या पोरांनीं परीक्षेची विद्या साऱ्या महाराष्ट्राला शिकविली आहे. कोणती परीक्षा लवकर साधेल, हें विचारणें गैर नाहीं. गरिबाच्या घरीं तो प्रश्न प्रथम येणारच. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न घरांत विचारला जावा, एवढीच अपेक्षा आहे: आपल्या मुलाच्या सहीवर विसंबून कोणी कुटुंब रात्रीं निर्धास्त झोपणार असेल, तर त्या भिंतींत आरपार दगड पडला आहे कीं नाहीं, हें तो स्वतः जाऊन पाहील काय? एल्. सी. ई.पासून ‘गेट’पर्यंत एकाही उत्तरपत्रिकेंत या प्रश्नाचें उत्तर लिहितां आलेलें नाहीं. तें दगडांतच लिहावें लागतें.