हार्प, तरफयुक्त
हार्प, तरफयुक्त : एक तंतुवाद्य. प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र तार व ती बोटांनी छेडणे, हे सर्व हार्पवाद्यांचे लक्षण. तार दाबून स्वर बदलता येत नसल्याने कोणते स्वर वाजणार, हे तारांच्या जुळणीवरच ठरते. या मर्यादेतून वाट काढण्याच्या प्रयत्नांनी हार्पचा इतिहास घडला आहे.

प्राचीन भारतातील वीणा पुष्कळदा धनुष्याकृती हार्पच असे. पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यांत नर्तकीसोबत असा वादक कोरलेला आहे. समुद्रगुप्ताच्या (चौथे शतक) नाण्यांवरही हेच वाद्य दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा व नऊ तारांची विपंची यांचे उल्लेख आहेत. त्यातील श्रुतिविचार दोन वीणांच्या जुळणीवर आधारलेला आहे : एक अचल ठेवून दुसरी क्रमाने उतरवीत २२ श्रुती सिद्ध केल्या आहेत. पुढे दांडीच्या वीणेवर एकाच तारेतून अनेक स्वर व मींड साधू लागल्याने हार्प मागे पडली. म्यानमारमधील ‘साउंग’ आणि मध्य प्रदेशातील परधान गायकांचा ‘बीन-बाजा’ या तिच्या परंपरेच्या खुणा होत.

यूरोपात सतराव्या शतकात टिरोल भागात तारेलगत आकडे बसविण्यात आले. आकडा फिरविताच तार अर्ध्या स्वराने चढे. १७२० च्या सुमारास बव्हेरियात पायपट्ट्यांची हार्प आली व १८१० मध्ये सेबास्त्यँ एरारने तिला पूर्णत्व दिले. आकड्यांचीच सुधारलेली जात म्हणजे आजची तरफ होय.

तरफयुक्त हार्प बहुधा ई-फ्लॅट मेजरमध्ये जुळवितात; तरफांमुळे आठ मेजर स्वरसप्तके मिळतात. तरफ सामान्यतः डाव्या हाताने फिरवितात. म्हणून रचनाकाराला स्वरबदलाच्या ठिकाणी त्या हातास विराम द्यावा लागतो. करंगळी वापरात नसल्याने एका हाताने एका वेळी चारच स्वर छेडता येतात. छेडलेली तार निनादत राहत असल्याने नको तेथे तिचा नाद हाताने थांबवावा लागतो.

भूपासारखा पाच स्वरांचा राग या वाद्यावर सहज बसतो. ललित रागात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. पण पंचम वर्ज्य असल्याने त्याची तार उतरवून तीव्र मध्यमात मिळविल्यास तरफ न हलविता दोन्ही साधतात. मींड व आंदोलन मात्र तरफेने नीटसे साधत नाही. त्यामुळे या वाद्यासाठी रचना करताना जुळणीचा विचार आधी व चालीचा नंतर करावा लागतो.