खेळ मुलांचा, दडपण मोठ्यांचे

जन्मतारीख नेमकी सांगता येईल असे खेळ थोडेच. बास्केटबॉल त्यांपैकी एक. 21 डिसेंबर 1891 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फुटांवर पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. तेरा नियमांचा कागद लावला आणि हिवाळ्यात चार भिंतींआड कोंडून चिडचिडे झालेल्या अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊच्या दोन संघांत उभे केले. टोपल्यांना बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. पहिल्या सामन्यात ती वेळ एकदाच आली, निकाल 1-0. तिथे तिकीट नव्हते, चषक नव्हता, सट्टा नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत मात्र मुलांसाठीच्या अमेरिकन कादंबऱ्यांत याच खेळाचा नायक दडपणाखाली पिचलेला मुलगा झाला. हे दडपण आले कुठून, याचा माग या कादंबऱ्यांतच लागतो. आरंभी त्यांनी दडपणाचे मूळ मुलाच्या स्वभावात शोधले आणि पुढे, वास्तवाचे फटके बसल्यावर, ते मैदानाबाहेरच्या मोठ्या माणसांत दाखवले. मुलांच्या क्रीडा-कादंबरीचा इतिहास हा माझ्या मते या एका स्थलांतराचा इतिहास आहे.

हा साहित्यप्रकार बास्केटबॉलपेक्षा जुना आहे. 1857 साली इंग्लंडमध्ये टॉमस ह्यूज यांचे ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ प्रसिद्ध झाले आणि रग्बी शाळेचे मैदान हे चारित्र्य घडवण्याचे ठिकाण म्हणून वाचकांच्या मनात ठसले. बळकट शरीर आणि निर्मळ मन यांची सांगड घालणारा जो ख्रिस्ती विचार त्या काळी जोर धरत होता, त्याचे ह्यूज हे एक प्रमुख नाव. वायएमसीएने व्यायामशाळा उभारल्या त्या याच विचारातून, आणि नेस्मिथही त्याच मुशीतले. म्हणजे बास्केटबॉल आणि मुलांची क्रीडाकथा ही एकाच घरातली भावंडे ठरतात. 1896 पासून ‘टिप टॉप वीकली’ या स्वस्त साप्ताहिकात गिल्बर्ट पॅटन यांनी टोपणनावाने फ्रँक मेरिवेल हा येल विद्यापीठाचा सर्वगुणसंपन्न खेळाडू रंगवला. या कथांत दडपण असते, पण ते सोने पारखणाऱ्या आगीसारखे. नायक खरा असेल तर तो उजळून निघणार आणि डगमगला तर दोष त्याच्या मनोबलाचा. चेंडू त्याच्या हाती कोणी दिला, जिंकल्यावर लाभ कोणाचा, हा प्रश्न तिथे उठतच नाही.

या परंपरेचे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत करुण उदाहरण म्हणजे क्लेअर बी. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड विद्यापीठाचे हे नामांकित प्रशिक्षक. 1939 आणि 1941 साली त्यांच्या संघाने राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली होती. 1948 पासून त्यांनी चिप हिल्टन या शाळकरी खेळाडूच्या कादंबऱ्यांची मालिका लिहिली. वडील गेलेले, आई नोकरी करणारी, शाळा सांभाळून दुकानात काम करणारा हा मुलगा. ‘चॅम्पियनशिप बॉल’ या भागात पाय मोडल्यामुळे तो खेळू शकत नाही, तेव्हा कुरकुर न करता संघाचा व्यवस्थापक होऊन राबतो. कोणतेही संकट सचोटीने आणि मेहनतीने सुटते, हा मालिकेचा कणा. पण ही पुस्तके छापली जात होती त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये महाविद्यालयीन खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेऊन ठरवून दिलेल्यापेक्षा कमी फरकाने सामने जिंकत होते. संघ सहसा हरायचा नाही, फक्त थोडक्यात जिंकायचा. त्यामुळे प्रेक्षकांना शंकाही येत नसे. 1951 साली हे बिंग फुटले. सात महाविद्यालयांच्या बत्तीस खेळाडूंची नावे पुढे आली आणि त्यांत बी यांचे खेळाडू होते. त्या हंगामात गुणांच्या यादीत देशभरात आघाडीवर असलेला शर्मन व्हाइटही त्यांत होता. व्हाइट तुरुंगात गेला, विद्यापीठाने काही वर्षे आपला क्रीडा विभागच बंद ठेवला आणि बी यांची महाविद्यालयीन कारकीर्द संपली. पुढे त्यांनी स्वतःच एका साप्ताहिकात लेख लिहून या प्रकारात प्रशिक्षकांचाही वाटा असल्याची कबुली दिली. चारित्र्याची शिकवण खोटी होती असे यातून सिद्ध होत नाही. पण हजारोंच्या तिकीटविक्रीवर चालणारा व्यवसाय मोठ्यांनी उभारायचा आणि त्याचा नैतिक भार विशीतल्या पोरांनी उचलायचा, ही वाटणी किती पोकळ होती हे मात्र उघडे पडले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जॉन ट्यूनिस यांनी 1944 सालीच ‘यी! वाइल्डकॅट्स!’ या कादंबरीत इंडियाना राज्यातल्या शालेय बास्केटबॉलचे वेड आणि गावातल्या वजनदार मंडळींची ढवळाढवळ मांडली होती. मग मोठ्यांचा दोष उशिरा दिसला असे कसे म्हणता येईल? ट्यूनिस यांची नजर तीक्ष्ण होती यात वाद नाही आणि त्यांनी वर्णिलेले वेडही अतिशयोक्त नव्हते. 1954 साली मायलन या गावच्या जेमतेम 161 विद्यार्थ्यांच्या शाळेने राज्याच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला 32-30 असे हरवले. चेंडू किती वेळ धरून ठेवावा याला तेव्हा मर्यादा नव्हती. शेवटच्या डावात मायलन पिछाडीवर असतानाही बॉबी प्लंप हा मुलगा चार मिनिटांहून अधिक वेळ चेंडू हातात घेऊन जवळजवळ जागच्या जागी उभा राहिला आणि अखेरच्या क्षणी त्यानेच विजयी फेक केली. एका गावाची सगळी इभ्रत एका शाळकरी पोराच्या दोन तळहातांत एकवटल्याचे इतके स्वच्छ चित्र दुसरे नसेल. पण ट्यूनिस यांच्या त्या कादंबरीचा नायक प्रशिक्षक आहे, म्हणजे मोठा माणूसच. गावाचा दाब त्याच्या डोळ्यांनी दिसतो. प्लंपसारख्या मुलाच्या आत काय चालले असेल, हे सांगायला मुलाचाच आवाज हवा होता.

तो आवाज वॉल्टर डीन मायर्स यांनी दिला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या या कृष्णवर्णीय लेखकाच्या ‘हूप्स’ (1981) या कादंबरीत सतरा वर्षांचा लॉनी जॅक्सन स्वतः बोलतो. त्याचा प्रशिक्षक कॅल हा एकेकाळचा व्यावसायिक खेळाडू, सट्ट्याच्या प्रकरणात बरबाद झालेला. आता सट्टेबाज पुन्हा येतात आणि अंतिम सामन्यात लॉनीला बाहेर बसव म्हणून कॅलवर दाब आणतात. बी यांच्या पुस्तकांबाहेर जे घडत होते, ते इथे पुस्तकाच्या आत आले. लॉनीला मोहात पडण्याचीही गरज उरलेली नाही. त्याच्या खेळाचा सौदा त्याला न विचारता होतो आहे. ‘स्लॅम!’ (1996) मधील ग्रेग हॅरिस कोर्टवर राजा आहे आणि गणिताच्या वर्गात हतबल, घरी आजी मरणपंथाला लागलेली. त्याच काळात प्रत्यक्षात बुटांच्या कंपन्या शाळकरी मुलांच्या शिबिरांत उतरल्या होत्या. 1994 चा ‘हूप ड्रीम्स’ हा माहितीपट शिकागोच्या दोन मुलांच्या मागे काही वर्षे फिरला आणि ही यंत्रणा सर्वांना दिसली. 2002 मध्ये सतरा वर्षांच्या लेब्रॉन जेम्सला एका राष्ट्रीय साप्ताहिकाने मुखपृष्ठावर अवतारपुरुष म्हणून मिरवले. माइक लुपिका यांच्या ‘ट्रॅव्हल टीम’ (2004) मध्ये तर बारा वर्षांच्या डॅनीला, उंची कमी म्हणून, गावच्या संघातून वगळले जाते. निवड करणारे पालकच, आणि त्यांची घाई त्यांच्या मुलांपेक्षा मोठी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सगळा दोष मोठ्यांवर ढकलला तर मुलाच्या स्वतःच्या जबाबदारीचे काय? याचे उत्तर क्वामे अलेक्झांडर यांच्या ‘द क्रॉसओव्हर’ या मुक्तछंदातील कादंबरीत मिळते; 2015 साली तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. जॉश आणि जॉर्डन हे जुळे भाऊ, वडील माजी व्यावसायिक खेळाडू. भाऊ दुरावतो आहे या रागाने जॉश भर सामन्यात जॉर्डनच्या तोंडावर चेंडू इतक्या जोराने फेकतो की तो जखमी होतो. आई जॉशला संघाबाहेर बसवते आणि पुस्तक त्याची चूक झाकत नाही. पण त्याच घरात वडील रक्तदाबाचा विकार असूनही डॉक्टरकडे जायला तयार नाहीत आणि शेवटी हृदयविकाराने जातात. आपल्या शरीराची दुर्बलता मान्य न करणे ही खेळाडूची मर्दुमकी, हा धडा मुलांनी कुठे गिरवला असेल ते सांगावे लागत नाही. मुलाने आपल्या कृतीचा जाब द्यावा, पण ज्या वातावरणात ती घडली त्याचा जाब मोठ्यांनी द्यावा, अशी ही दुहेरी मांडणी आहे. चिप हिल्टनच्या जगात तिचा दुसरा अर्धा भाग गायब होता. मुले सामन्याच्या थरारासाठी वाचतात, त्यांना ही टीका कुठे दिसणार, असेही कोणी म्हणेल. पण या पुस्तकांत टीका प्रवचनातून येत नाही. शेवटच्या सेकंदाला चेंडू हातात असताना मुलाच्या मनात कोणाकोणाचे चेहरे येतात, त्यातच ती असते. थरार आणि टीका तिथे वेगळी काढता येत नाहीत.

महाराष्ट्राला हा इतिहास अगदीच परका नाही. बास्केटबॉल भारतात आला तो वायएमसीएमार्फत, आणि अमेरिकन मराठी मिशनने नेबरहुड हाऊस हे समाजकेंद्र उभारलेला मुंबईचा नागपाडा पुढे या खेळाचे माहेरघर बनला. आज खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे मुलाच्या फेकीला गुणपत्रिकेत भाव आहे आणि त्या भावावर पालकांचा डोळा आहे. क्रिकेटच्या शिबिरांबाहेर ताटकळणाऱ्या आईबापांविषयी तर वेगळे सांगायला नको. जिंकण्याच्या या घाईपुढे एक उदाहरण आठवावे: खुद्द नेस्मिथ यांनी पुढे कॅन्सस विद्यापीठाचा संघ सांभाळला. विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले त्या विद्यापीठाच्या इतिहासातले ते एकमेव बास्केटबॉल प्रशिक्षक ठरले, आणि त्यामुळे त्यांचे काहीही बिघडले नाही. मुलांसाठी खेळाची गोष्ट लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी जिद्दीचे आणि शेवटच्या चेंडूचे कौतुक जरूर करावे. पण त्या मुलाच्या खांद्यावर ओझे कोणी ठेवले, त्याचे नावही गोष्टीत लिहावे.