‘मिचम’ म्हणजे गाव की झाड? पेपरमिंटच्या तेलाचा एक धडा

पेपरमिंटची पांढरी गोळी तुम्ही लहानपणी चघळली असेलच. तिला चव देणाऱ्या तेलाच्या इतिहासात एक शब्द आहे, जो नवख्या संशोधकाला हमखास फसवतो: ‘मिचम’.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेपरमिंट हा दोन प्रकारच्या पुदिन्यांचा संकर. इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी १६९६ साली त्याचं वर्णन छापलं आणि १७२१ मध्ये तो लंडनच्या अधिकृत औषधसूचीत आला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनजवळच्या मिचम या गावात त्याची शेती वाढली. कापलेला पाला पाण्याबरोबर उकळायचा, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. हे तेल इतकं नावाजलं की बाजारात ‘मिचम’ म्हणजे उत्तम माल असंच समीकरण झालं.

आता गंमत बघा. संकर असल्यामुळे पेपरमिंटला सहसा रुजणारं बी धरत नाही. लागवड करायची तर जमिनीलगत पसरणारे धुमारेच लावावे लागतात. मिचमचे धुमारे अमेरिकेत गेले आणि सोबत नावही गेलं. तिथे ‘ब्लॅक मिचम’ हे वाणाचं नाव झालं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या दरपत्रकात ‘मिचम’ हे गाव असतं, तर विसाव्या शतकातल्या अमेरिकन शेती अहवालात ते झाड असतं. दोन्ही आकडे तुम्ही एकाच रकान्यात भरलेत, तर मिशिगनचं तेल इंग्लंडच्या खात्यावर जमा होईल!

हा फरक नुसता शब्दांचा नाही. सगळी झाडं एकाच झाडाचे तुकडे असल्यासारखी, त्यामुळे दुखणंही सगळ्यांना सारखंच. १९२४ मध्ये मिशिगनमध्ये मर रोगाची नोंद झाली, पण बी नसल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने नवा वाण काढणं अवघड होतं. शेवटी धुमाऱ्यांवर किरणोत्सर्गाचा मारा करून रोगाला तोंड देणारा वाण मिळवला गेला, आणि १९७० च्या दशकात तो आला तेव्हा त्याचं नाव होतं ‘टॉड्स मिचम’. मूळ मिचम तोवर लंडनचं उपनगर झालं होतं.

आपल्याकडेही सावध राहा. उत्तर प्रदेशातले शेतकरी ज्याला ‘पिपरमिंट’ म्हणतात, तो बहुतेकदा मेंथॉलसाठी लावलेला वेगळाच पुदिना असतो.

म्हणून साधनांतून आकडे उतरवताना एक जास्तीचा रकाना ठेवा: हा शब्द इथे कोण, कशासाठी वापरतंय? थोडं कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सहा महिने वाचतात.