मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ निराळा

मुंबईपासून लंडन किती लांब, असे कोणी विचारले तर आपण पटकन सांगतो, "नऊ-दहा तासांवर." प्रश्न अंतराचा, उत्तर वेळेचे! पण हे तास ठरतात कसे?

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. पृथ्वीचा गोल घ्यावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. हीच सर्वांत जवळची वाट, सुमारे ७,२०० किलोमीटरांची. दोरा मुंबईहून निघून जवळजवळ कराचीवरूनच जातो. पुढे इराण, मग कास्पियन समुद्र, काळा समुद्र आणि शेवटी लंडन. यातले कराचीचे नाव ध्यानात ठेवा.

आगबोटीने या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन-कराची हवाई सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि त्यातही बाझेल ते जिनोव्हा हा टप्पा चक्क आगगाडीचा! हिंदुस्थानचे हवाई दार म्हणजे तेव्हा कराची. तिथले टपाल घेऊन १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपल्या चिमुकल्या 'पस मॉथ' विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, उतरले.

पुढे देश स्वतंत्र झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले. वाट कैरो आणि जिनिव्हा यांवरून, म्हणजे जवळजवळ ८,००० किलोमीटरांची. वेग तासाला सुमारे ५०० किलोमीटर. भागाकार करा : हवेतच सोळा तास झाले, थांब्यांचा वेळ वेगळा. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. वेग ९०० च्या घरात गेला. पुढे थांबेही गळाले आणि आजचे नऊ-दहा तास उरले.

तरी जाण्यायेण्याचा वेळ सारखा नसतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते जाताना तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीची वाट बहुधा लवकर सरते.

पण वाऱ्याहून मोठी अडचण माणसाची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. भारतानेही त्यांच्या विमानांना बंदी केली. पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी भारतीय विमानांना वळसा पडला. इंधन वाढले, वेळ वाढला. जी कराची १९२९ साली आपले दार होती, तिच्याच आकाशातून वाट मिळेना.

तेव्हा गोलावरचा दोरा दाखवून झाल्यावर मुलांना एवढेही सांगा : वेग यंत्राने वाढतो, पण जवळची वाट मोकळी राहते ती शेजाऱ्यांच्या सलोख्याने.